पऱ्हाटीखालची विहीर

शेषेरावाचा माणसांवर भरवसा म्हणून नव्हता. सोयरा चहाला आला तरी हा मनात म्हणायचा, आज याचं काय काम निघालं? त्यात लातूर जिल्हा नवा झालेला आणि वर दुष्काळ. रेणापूरच्या रस्त्यावरच्या त्याच्या गावात जीप दिसली की तो बांधाआड व्हायचा. तहसिलीतली माणसं पाण्याच्या विहिरी ताब्यात घेऊन टँकर भरत होती आणि याच्या विहिरीला दोन पुरुष खोल पाणी होतं. त्यानं विहिरीवर फळ्या टाकल्या, त्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग रचला. घरापुरतं पाणी तो रात्री ढीग सारून काढायचा. कुणाला शंका नको म्हणून चार एकर रानही पडीक ठेवलं.

चैत्रात बौद्धवस्तीतली पंचशीला घागर घेऊन आली. "दादा, सून बाळंत झालीय. दोन घागरी पानी द्या."

"ठणठणीत कोरडी हाय बाई. पानी असतं तर रान असं ठिवलं असतं का?"

ती जरा वेळ त्या ढिगाकडं बघत राहिली. मग दीड कोसावरच्या नदीकडं चालू लागली. हिला पाण्याचं कुणी सांगितलं असेल, या काळजीत शेषेराव दिवसभर जेवला नाही.

महिन्याभरानं नकाशावाले आले. लातूर शहर वाढणार म्हणून रस्ते, वसाहती कुठं न्यायच्या, याची ते पाहणी करत होते. एकानं विचारलं, "विहिरीला पाणी?" जीपमधून आलाय म्हणजे हा तहसिलीचाच, हे शेषेरावानं ताडलं.

"थेंब न्हाई साहेब," तो म्हणाला. वर त्यांच्या कागदावर खुशीत सहीसुद्धा ठोकली.

पावसाळ्यात चावडीवर नकाशा लागला. बागायत वगळून पडीक जमिनी घेतल्या होत्या. शेषेरावाच्या रानात मालट्रकांचा तळ होणार होता.

विहिरीला पाणी आहे, रान बागायतीच आहे, अशी त्यानं हरकत घेतली. साहेब पाहणीला आला, तेव्हा निम्मं गाव जमलं. शेषेरावानं स्वतः फळ्या ओढल्या. विहीर भरलेली होती.

"पावसानं आता सगळ्याच भरल्यात," साहेब म्हणाला. "उन्हाळ्यात पाणी होतं का? कुणाला माहीत आहे?"

मग पंचशीला पुढं झाली. "मी चैत्रात आलते. कोरडी हाय म्हनले. मी नदीवरून पानी आनलं."

साहेब कागद मिटू लागला. शेषेरावानं त्या कागदावर हात ठेवला.

"खोटं बोललो मी!" तो ओरडला. "पानी व्हतं. हिला दिलं न्हाई."

"आता हे तरी खरं कशावरून?"

"खरं हाय," पंचशीला म्हणाली. "पऱ्हाटीचं बूड ओलं व्हतं. मला तवाच कळलं व्हतं."

साहेबानं दोघांचं बोलणं लिहून घेतलं, साऱ्यांपुढं वाचून दाखवलं. शेषेरावाला मान वर करवेना. पंचशीलानं साक्षीदार म्हणून सही केली आणि जमीन वाचली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टंचाई आली. शेषेरावानं विहीर उघडी ठेवली, रहाटाला नवा दोर बांधला. पंचशीला घागर घेऊन बांधावरून नदीकडं निघाली होती. तिला हाक मारावी असं त्याला फार वाटलं. पण आता यात याचा काय डाव असेल, असं ती मनात म्हणेल या भीतीनं त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.