मामाजींचे संशयित

दोन वर्षांपूर्वी, मोहफुलांच्या हंगामात, सावली तालुक्यातल्या एका गावालगतच्या जंगलात गोपाळ या शेतमजुराचा मृतदेह सापडला. मानेवर खोल घाव होता. मारेकरी कोण, हे आजही माहीत नाही.

या एका खुनासाठी माझ्या आतेभावाच्या सासऱ्यांनी जितक्या माणसांवर संशय घेतला, तितकी माणसं त्या गावात राहतही नसावीत. त्यांना सगळे मामाजी म्हणतात. वनखात्यात रोजंदारीवर जन्म गेला. वाघाचा माग काढण्यात त्यांचा शब्द अखेरचा. त्या सकाळी बोलावणं आधी गेलं ते पोलिसांना नव्हे, मामाजींना, कारण या भागात जंगलात माणूस मेलेला दिसला की पहिल्यांदा वाघच आठवतो. प्रेताजवळ पंजा उमटला होता. मामाजींनी त्याच्याभोवती दगड मांडले आणि जाहीर केलं, "वाघ हाय. नर हाय." मग सारं गाव पंजा बघायला लोटलं. शवविच्छेदनात घाव कुऱ्हाडीचा निघाला, तोवर त्या जागेवर गावभरच्या चपला उमटल्या होत्या. वाघ बहुधा नुसताच तिथून गेला होता.

माणसानं मारलं म्हटल्यावर गावानं माणूस ठरवायला वेळ लावला नाही. गोपाळची बायको शेवंता त्या दिवशी फुलं वेचायला त्याच्याबरोबर गेली नव्हती, एवढा पुरावा पुरला. पोलिसांनी तिला चौकशी करून सोडलं. गावानं सोडलं नाही. मोह वेचायला बाया घोळक्यानं जातात, वाघाच्या भीतीनं एकटी कुणी जात नाही. शेवंताला घोळक्यात घेणं बंद झालं आणि तिचा हंगाम बुडाला.

तेव्हापासून मामाजी खुनी शोधत आहेत. पहिला संशयित चंद्रपूरचा मोहाचा व्यापारी, कारण तो चहा अर्धा टाकून उठला. मग घाव डाव्या अंगाला आहे, म्हणजे मारणारा डावखुरा, असं ठरवून ते एका लग्नात वरणाची बादली घेऊन पंगतीभर फिरले. आग्रह कुणाला केला नाही, फक्त हात पाहिले. सगळे उजव्या हातानं जेवत होते. डावखुरे गावात ते एकटेच निघाले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर. "घ्या मले लिहून."

ठाणेदार म्हणाले, "मामाजी, मागच्या आठवड्यात तर तुमचा जावई होता ना?"

"जावई हाय म्हणून सोडू का?"

माझा आतेभाऊ सासुरवाडीला आता मुक्काम करत नाही.

बातमीसाठी त्या गावात माझ्या फेऱ्या होत. एकदा त्यांच्या ओसरीवर बसून विचारलं, "साऱ्यांची नावं घेता. शेवंताबाईचं काऊन नाही घेत?"

"तिचं नाव गाव घेऊनच राह्यला. तिथी माझी काय गरज?"

मग ते माझ्याजवळ सरकले. बोलले तेव्हा आवाज खाली होता. "पाऊल होतं तिथी, बापू. माणसाचं. पंज्याच्या बाजूलेच. मी पाह्यलो. अन् दगड पंज्याभोवती मांडलो."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलो. साहेब म्हणे, आता सांगून काय फायदा."

त्यांच्या जबाबात ते पाऊल नोंदवलेलं आहे, हे मी ठाण्यात विचारून घेतलं. ते कुणाचं, हे कळण्याचा मार्ग उरलेला नाही.

यंदा मोह गळू लागला त्या सकाळी मी मामाजींच्या ओसरीवर होतो. शेवंता विहिरीवरून जाताना ओसरीशी थांबली. "मामाजी, आज कोणाले फाशी देता?"

"आज सुट्टी हाय." मामाजी काठी घेऊन उठले. "टोपली आन माय, चाल. मी येतो सोबत."

"गाव काय म्हणन?"

"म्हणन, दोघं मिळून मारले. म्हणू दे."

त्यांच्या गुडघ्याची वाटी सरकलेली आहे. तरी ते रोज गेले. ती वेचायची, ते झाडाला टेकून जंगलाकडे तोंड करून बसायचे. हंगाम संपत आला तेव्हा गावातली आणखी एक बाई त्यांच्याबरोबर जात होती.