वाजवून घेतलेला दगड

आयटीआयमध्ये मी तीस वर्षं मुलांवर ओरडलो. त्यातलं निम्मं ओरडणं एकाच गोष्टीसाठी होतं: ग्राइंडरचा दगड वाजवून पाहिल्याशिवाय चढवायचा नाही. चांगला दगड लाकडी मुठीनं ठोकला की खणकतो. आतून तडकलेला बद्द वाजतो, आणि तसा दगड पूर्ण वेगात फुटला तर त्याचे तुकडे कोणाला विचारून उडत नाहीत. या तीस वर्षांत मशीनच्या आवाजानं माझेच कान गेले. डावा तर पुरताच; उजव्यानं जवळचं बोलणं तेवढं कळायचं. हे मी घरात कोणालाही कळू दिलं नव्हतं आणि कळू देणारही नव्हतो. दगड वाजवायला शिकवणारा मास्तर बहिरा झाला, हे ऐकून कोण हसणार नाही?

निवृत्तीनंतर उमरखेडच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून मी जुना सरफेस ग्राइंडर घेतला. यानं करणार काय, असं बायकोनं विचारलं. सपाट नसलेलं लोखंड सपाट करणार, असं मी म्हणालो. आपल्या घरात असं लोखंड कुठं कुठं आहे ते ती मोजू लागली, तेव्हा मी विषय बदलला.

पिकअप आर्णीत आमच्या दाराशी लागली तेव्हा मदतीला माणसं आठ आणि सूचना अकरा होत्या. मशीनचं सरकतं लोखंडी टेबल मी आधीच वेगळं केलं होतं, दगड फिरवणारं वरचं हेड खाली घेऊन लाकडी ठोकळ्यावर टेकवलं होतं. दोर फक्त खालच्या बैठकीला बांधा, असं मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

"सर, वजन किती असन?"

"आठ क्विंटल."

"म्हंजे माया एकरभराचा कापूस," शेजारचा कास्तकार म्हणाला आणि मशीनकडे वाईट नजरेनं पाहू लागला.

मागच्या शेडमध्ये जायची वाट स्वयंपाकघरातूनच होती. खाली पाइप घालून आम्ही ते धूड गॅसच्या शेगडीजवळून सरकवत नेलं. शेगडीवर वरण उकळत होतं. बायकोनं गॅस बंद केला नाही, वरणावर फक्त झाकण ठेवलं.

उमरखेडहून येताना दगड तिनंच पिकअपमध्ये मांडीवर गोधडीत गुंडाळून आणला होता. आर्णीच्या अलीकडच्या गतिरोधकावर ती, मी आणि दगड असे तिघंही वीतभर उडालो होतो. म्हणून सगळ्यांसमोर मी दगडाच्या भोकात काठी घालून तो अधांतरी धरला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं चार जागी ठोकला. मला ऐकू काहीच आलं नाही.

"खणखणीत!" मी म्हणालो.

"बद्द वाजते," बायको म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तीस वर्षं मी हेच शिकवलं!"

"म्या बोरी अरबच्या बाजारातून आजवर माठ वाजवूनच आणले. एक तरी गळला काय?"

चहासाठी थांबलेल्या आठ जणांना आता नवंच काम मिळालं. प्रत्येकानं दगड वाजवला. टरबुजं लावणाऱ्या एकानं टिचकी मारली, कान लावला आणि "पिकलं हाय, कापा," असा निकाल दिला. शेवटी हात वर करून मत घेतलं. दगड चांगला आहे म्हणणारे पाच, तडकलेला म्हणणारे तीन. दगडाची चीर मतदानानं बुजत नाही हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण पाच जण माझ्या बाजूचे होते आणि मला जिंकायचं होतं.

मी टेबल बसवलं, दगड चढवला, दगडावरचं लोखंडी झाकण आवळलं, चष्मा लावला. टेबलाच्या दोन्ही टोकांना कोणी थांबू नका, दगड फुटलाच तर त्याच रेषेत उडतो, असं बजावलं. आठही जण निमूट भिंतीला लागले. बायको पदर खोचून आली आणि बरोबर टेबलाच्या एका टोकाशी उभी राहिली.

"हट तिथून!"

"दगड चांगला हाय ना? मंग कायले हटू?"

माझा अंगठा हिरव्या बटणावर होता. तिच्या कपाळावर घाम होता, पण पाय हलत नव्हते. मी पुन्हा ओरडलो. ती हलली नाही. मला इतकी भीती वाटली, की तीस वर्षांत कुठल्याच मशीनसमोर तशी वाटली नव्हती.

"मला ऐकू येत नाही!" मी म्हणालो. म्हणजे ओरडलोच. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

शेडमध्ये कोणी हसलं नाही. मी दगड उतरवला आणि कोणी पुन्हा वापरू नये म्हणून हातोडीनं फोडला. एका तुकड्याच्या कडेला जुनी काळी रेघ आतपर्यंत गेलेली होती. टरबूजवाला ती बघून हळूच बाहेर सटकला.

बायको माझ्याजवळ आली आणि कानाशी मोठ्यानं बोलली, "ठावं हाय मले. चार वर्सं झाले, जेवताना तुमच्या उजव्या अंगालेच बसून राह्यली मी."

मला वाटायचं, तिकडे पंख्याचं वारं जास्त लागतं म्हणून बसते.