सपाटकाकांचा हात

सपाटकाकांनी मागे-पुढे पाहिलं, अंगणात कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि ट्रकच्या डाव्या दाराला गाल लावला.

गाल वरून खाली नेला. मग डोळे मिटून पुन्हा खालून वर. रंगाआधीचा प्रायमर गालाला गार लागत होता आणि दाढीचे खुंट त्यावर किंचित खरखरत होते. मधोमध काहीतरी उंच-सखल लागलं का? की आपल्याच गालाचं हाड? त्यांनी दुसरा गाल लावून पाहिला.

"झाल्या का गुजगोष्टी?" स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने विचारलं. "माझ्याशी इतक्या जवळून बोलल्याला किती वर्षं झाली, सांगू?"

काका दचकून मागे झाले. "वास बघत होतो. प्रायमर सुकलाय का ते."

"वास गालाने घेतात होय," असं म्हणून तिने चहाचा पेला पायरीवर ठेवला आणि आत गेली. चहा कोमट होता. हल्ली तो रोजच कोमट असे. या घरात गरम चहा मिळायचा बंद झालाय, असं काका दोनदा बोलून दाखवून चुकले होते आणि दोन्ही वेळा बायकोने ते कानाआड केलं होतं.

सपाटकाका हे काही त्यांचं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले. काम झालं की हात धुवायचे, अंगठी काढायची, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून तळहात फिरवायचा. मग एकच शब्द: "सपाट!" तो शब्द आल्याशिवाय वर्कशॉपमधला कुठलाही पेंटर रंगाचा डबा उघडत नसे. मालकाने घाई केली तरी नाही. काकांचा स्वभाव तिखट, तोंड त्याहून तिखट, पण त्यांच्या हाताला कोणी नाव ठेवलं नाही.

तो हात आता गेला होता. दिसायला धडधाकट, हातोडी धरायला पक्का, पण आतून मेलेला. दीड वर्षापूर्वी दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या. साखरेने नसा खाल्ल्या, डॉक्टर म्हणाले, आता आहे तेवढं सांभाळा. काकांनी वर्कशॉपमध्ये कंबर दुखते म्हणून सांगितलं आणि काम सोडलं. घरीही कंबरच दुखत होती. कोणी बघत असलं की ते उठताना आठवणीने कण्हत.

आणि नेमकी तेव्हाच लेकीने म्हातारी बाहेर काढली.

म्हातारी म्हणजे हा ट्रक. छोटा, गोल नाकाचा, काकांच्या सासऱ्यांचा. बारा वर्षं तो अंगणाच्या कोपऱ्यात पडून होता. लेक आठ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवत होती. त्यांच्या गाड्या, त्यांच्या वेळा, वर त्यांचीच बोलणी. आता एका मोठ्या रोपवाटिकेची झाडं पोहोचवण्याचं काम तिला मिळत होतं, स्वतःची गाडी आणली तर. इंजिन तिने ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेतलं. पण रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, "माझ्या दारात खटारा उभा राहता कामा नये. आमच्या सगळ्या गाड्या गर्द हिरव्या आहेत, तुझीही तशीच हवी. सोमवारी सकाळी गाडी दाखव, मग ठरवू."

"पत्र्याचं आणि रंगाचं मी करतो," काका तेव्हा छातीठोकपणे म्हणाले होते. "माझ्या लेकीची गाडी मी बाहेर टाकणार होय?"

गंज खरवडला, सडलेले तुकडे कापून नवे जोडले, पोचे काढले. चार महिने लागले, पण डोळ्यांना दिसणारं सगळं काम झालं. डाव्या दाराला लागून मागे असलेला पत्रा तर महिन्यापूर्वीच त्यांनी लेकीसमोर हात फिरवून "सपाट!" म्हणून जाहीर केला होता. हाताला तेव्हा काहीही लागलं नव्हतं, आणि काही न लागणं म्हणजेच सपाट, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

उरलं हे डावं दार. बारीक खळगे शोधायला काकांपाशी युक्ती होती: प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारायचा आणि खरखरीत कागदाने घासायचं, खळग्यात काळं उरतं. पण हातभर लांबीची मंद लाट असली तर कागदही तिच्या अंगाने वळत जातो. ती हातालाच कळते. आणि गर्द, चकचकीत रंग चढला की तीच लाट दहा पावलांवरून दिसते. म्हणून तर त्यांनी दुधी रंगासाठी जंग जंग पछाडलं होतं. ऊन कमी लागतं, धूळ दिसत नाही, काय काय सांगून पाहिलं. लेक हिरव्यावरून हटली नाही.

म्हणजे रविवारी रंग मारला की सगळं उघडं पडणार. लेकीचं काम हातचं जाईल, आणि ते बापामुळे जाईल. आधी सांगावं तर ती गाडी उचलून वर्कशॉपमध्ये नेणार, आणि मग आपण काय, या अंगणात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेळ विचारायची?

शुक्रवारी दुपारी त्यांनी दाराच्या मध्यावर अंगठ्याने दाबून पाहिलं. पत्रा टक्कन आत गेला आणि टक्कन बाहेर आला. ठोकून ठोकून तो ताणला गेला होता. त्याला एकच इलाज. काकांनी तिथला प्रायमर खरवडला, गॅसची बत्ती पेटवली आणि रुपयाएवढी जागा लाल होईपर्यंत तापवली. हातोडीने हलके टोले दिले. ओलं फडकं दाबलं, वाफेचा फुस्कारा झाला. पुन्हा बत्ती, पुन्हा टोले. डाव्या हाताची बोटं त्यांनी सवयीने शेजारीच टेकवली होती, पत्रा खाली बसतोय का ते बघायला. चाळीस वर्षं ती बोटं तिथेच टेकत आली होती.

लेक मागून आली. "बाबा, काहीतरी जळतंय."

"पत्रा तापवतोय. जळणारच."

"पत्र्याला असा वास येत नाही."

"तुला काय कळतंय पत्र्यातलं? बाजूला हो, ठिणगी उडेल."

ती बाजूला झाली नाही. वाकली, त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि किंचाळून त्यांचं मनगट ओढलं. दोन बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती. एका बोटाची कातडी दारालाच चिकटून राहिली होती.

"आई! पाणी आण, लवकर!" ती रडकुंडीला आली होती. "बाबा, अहो, बघा तरी!"

लेक रडेल या भीतीने काका चटकन म्हणाले, "अगं, एवढं काय? दुखत नाहीये."

तिचा हात थबकला. तिने बोटांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"दुखत नाही?" ती हळू आवाजात म्हणाली. "याचं दुखत नाही?"

बायको पाण्याचं भांडं घेऊन आली, त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला आणि लेकीकडे न बघताच म्हणाली, "वर्ष होऊन गेलं. गरम भांडं हातात धरून उभे राहतात. चहा कोमट का देते, असं वाटलं तुम्हाला? मला हौस आहे?"

"तुला माहीत होतं?" बापलेकीने एकदमच विचारलं.

"सांगतील म्हणून वाट बघत होते. कंबर दुखते म्हणे. अंधारात जिना चढताना कण्हायला विसरतात, त्याचं काय?"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली, राग आला, आणि आपण एवढे महिने एकट्याने ओढलेलं ओझं भलत्याच माणसाने निम्मं उचललेलं होतं हे कळून रडूही आलं. ते त्यांनी खोकून गिळलं.

बोटांवर पट्टी बांधून झाली. लेकीने खिशातून मोबाइल काढला. "मी तुमच्या वर्कशॉपमध्ये फोन करते. दोन दिवसांत दार करून देतील. माझी सोमवारची—"

"थांब."

"बाबा, आता हट्ट नको. माझं सगळं या सोमवारवर आहे."

"हट्ट नाही. हात धू. साबणाने. अंगठी काढ."

ती बघतच राहिली. काकांचा आवाज वर्कशॉपमधला होता, आणि तो ऐकल्यावर भलेभले हात धुवायला जात असत. तीही गेली.

काकांनी तिच्या तळहातावर जुन्या धोतराचं मऊ फडकं टाकलं. "मध्ये कापड? मग कळणार कसं?" तिने विचारलं.

"नव्या हाताला त्यानेच कळतं. कातडी अडखळत नाही, पत्र्याचा चढउतार तेवढा हाताला येतो. डोळे मीट. बोटांनी नाही, अख्ख्या तळव्याने. हँडलपासून पुढे, बिजागरीकडे जा. सावकाश, गाडी कुठे पळून चालली नाही."

पहिल्यांदा तिला काहीच लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या वेळी तिचा हात तापवलेली जागा ओलांडून बिजागरीच्या बाजूला गेला आणि कपाळाला आठी पडली. "इथे खाली जातंय. खूप हळू. आणि इथे परत वर येतं."

काकांनी तिथे खडूने खूण केली. ही जागा त्यांनी दोन्ही गालांनी तपासून सोडून दिली होती.

शनिवार असाच गेला. काका मागून लोखंडी ठोकळा धरत, पुढून टोले देत. लेक हात फिरवी आणि सांगे. अजून. अजून थोडं. आता जास्त झालं, बाबा. "जास्त झालं" ऐकलं की काकांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. या हाताला जास्त झालं म्हणणारा अजून जन्माला यायचा होता. पण ते दात ओठ खाऊन पुन्हा ठोकत. दुपार कलायच्या आत तिने डोळे मिटून दारावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि बिचकत म्हणाली, "सपाट?"

"विचारू नकोस. सांग."

"सपाट."

काकांनी मान डोलावली. मग, सहज म्हणून, दारामागच्या पत्र्याकडे बोट केलं. "तोही बघून टाक. माझा झालेलाच आहे."

तिने हात फिरवला. अर्ध्यावर तो क्षणभर थांबला, पुढे गेला. "सपाट," ती म्हणाली आणि फडकं झटकायला वळली. काका खूश झाले. म्हणजे मेलेल्या हातानेही एक पत्रा साधला होता तर.

संध्याकाळी दाराला पुन्हा प्रायमर मारला. रविवारी सकाळी वारा पडलेला होता. अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली, काचांना कागद चिकटवले. बायकोने दोरीवरचे कपडे काढून नेले आणि शेजारणीलाही काढायला लावले. स्प्रेगन लेकीच्या हातात होती आणि काका तिच्या मागे उभे राहून ओरडत होते. "जवळ नको! थांबू नकोस, थांबलीस की ओघळ येतो! चल, चल, चल, सोड!" रंगाचे तीन हात चढले.

उन्हं उतरताना काका अंगणाच्या टोकाला गेले. म्हातारी गर्द हिरवी, ओली असल्यासारखी चकाकत उभी होती. समोरच्या गोदामाच्या छपराची कड तिच्या अंगात उमटली होती. काकांनी त्या रेषेवर नजर ठेवली. डाव्या दारावर रेघ शिरली आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ पार गेली. काकांना हायसं वाटलं.

मग ती दारामागच्या पत्र्यावर आली आणि वाकली. थोडीच, पण वाकली. पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली.

लेक शेजारी येऊन उभी राहिली. ती कुठे बघतेय, हे काकांनी पाहिलं.

"तुला काल हाताला लागलं होतं," ते म्हणाले.

तिने नखातला हिरवा रंग खरवडला.

"लागलं होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला तुम्ही सपाट म्हटलं होतं, बाबा."

काकांनी पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेतला.

"मालकीणबाईंना नाही दिसणार," लेक घाईने म्हणाली. "एवढं कोण बघतं? छान झालीये गाडी. कोणालाच नाही दिसणार."

"नाही दिसणार," काका म्हणाले. "उद्या अशीच घेऊन जा. काम घेऊन ये." मग ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तो पत्रा सपाट नाही. मला कळलं नाही, आणि मी सपाट म्हटलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुला सुट्टी मिळेल त्या दिवशी तो पुन्हा उघडू," ते लेकीला म्हणाले. "हात धुऊन ये. मी शेजारी उभा राहतो. यापुढे सपाट तू म्हणायचं. आणि माझ्यासाठी म्हणून कधी म्हणायचं नाही."