दोन भाषणं आणि हसकेल नागावकर

…तर दुकानदार म्हणत होता, हेच कडवे वाल, आणि माझ्या मागून कोणीतरी बोललं, "कडवे वाल असे फुगीर असतात होय? कोणाला सांगता?" काल इथवर आलो होतो आणि निधीने, माझ्या नातीने, जेवायला हाक मारली. तर आता पुढचं. साल ब्याण्णव. एस.टी.तली कंडक्टरी संपवून मी मुलाकडे, गिरीशकडे, लंडनला हाउन्सलोत येऊन तीन आठवडे झालेले, आणि भर हाय स्ट्रीटवर कानावर पडते अलिबागकडची बोली. वळून बघतो तर विमानतळावरच्या कामगारांचं पिवळं जाकीट घातलेला, माझ्याच वयाचा एक किडकिडीत माणूस.

"कुठले तुम्ही?"

"नागावचा."

"मी आक्षीचा. रघुवीर." दोन गावांच्या मध्ये काय ती नारळीच्या वाड्यांची कुंपणं.

"मी इझिकेल नागावकर. कामावर इझी म्हणतात. गावात हसकेल म्हणायचे."

"मग मी हसकेलच म्हणणार."

"म्हण बाबा. ते नाव बरीच वर्षं पडून आहे."

झालं, तेव्हापासून आमचं अरे-तुरे.

हसकेल बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी. वडिलांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मॅट्रिक होऊन हसकेल मुंबई बंदरात कारकून झाला, सहासष्ट साली बायको ईवा आणि सहा वर्षांची केरेन यांना घेऊन लंडनला आला, आणि हीथ्रोच्या मालाच्या गोदामात तेहतीस वर्षं पेट्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत राहिला. पेटीत बटणं असतील तर चिठ्ठीवर बटणंच हवीत, 'किरकोळ सामान' चालायचं नाही. इझी म्हणजे सोपा, पण त्याच्याशी काम पडलेल्या कोणालाही तो सोपा गेला नाही. ते नाव मुकादमाने चेष्टेनेच ठेवलं असणार.

म्हाताऱ्यांच्या केंद्रात क्रिकेटचा सामना लागला की कोणीतरी त्याला खिजवायचंच. "काय इझिकेल, इंडिया, इंग्लंड की इस्राएल?" तो म्हणायचा, "इस्राएल क्रिकेट खेळत नाही, तेवढं ओझं कमी. उरलेल्या दोघांसाठी मी पाऊस मागतो." शनिवारी सिनेगॉगमध्ये राणीसाठी प्रार्थना होते, तिला तो मनापासून आमेन म्हणायचा. पंधरा ऑगस्टला आमच्या रांगेत ताठ उभा राहून राष्ट्रगीत म्हणायचा, एक शब्द न चुकता. त्यात त्याला भांडण दिसायचं नाही. ते दुसऱ्यांना दिसायचं.

केरेनचं पहिलं लग्न टिकलं नाही. तिचा मुलगा अरी दोन वर्षांचा असल्यापासून आजी-आजोबांकडे वाढला, आडनावही नागावकरच लावायचा. मी आलो तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. रविवारी आम्ही तिघं हॅटन क्रॉसजवळच्या गवतावर बसून उतरणारी विमानं बघायचो. अरी नुसत्या शेपटीवरून देश ओळखायचा. झेंडा म्हणजे विमानाची शेपटी, त्यापलीकडे त्याच्या लेखी काही नव्हतं. मराठी इथल्या मुलांचं, "आजोबा, तो विमान आली." मी हसायचो आणि हसकेल मला डोळे वटारायचा. पुढच्याच वर्षी केरेनने अमेरिकेत, न्यू जर्सीत, दुसरं लग्न केलं आणि मुलाला नेलं.

शाळा संपल्यावर अरी तिकडे सैन्यात गेला. दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात, इराकमध्ये, तो पाण्याचा ट्रक चालवत असताना कालव्याकाठचा रस्ता खचला, ट्रक उलटला, आणि अरी गेला. गोळी नाही, बॉम्ब नाही. वय वीस. पासपोर्ट अजून ब्रिटनचाच होता. चार महिन्यांनी केरेनच्या घरी शिक्क्याचा कागद आला, की मृत्यूच्या दिवसापासून अरीला अमेरिकेचं नागरिकत्व बहाल करण्यात येत आहे. हसकेलने हे मला बसस्टॉपवर सांगितलं. तीन बसा गेल्या, आम्ही चढलो नाही.

आणि मग उजाडलं त्यांच्या निवडणुकीचं साल. इथल्या टीव्हीवरही रोज तेच. कोण लढाईवर गेला होता, कोण गेला नव्हता, कोणाची पदकं खरी, कोणाचं देशप्रेम किती वजनाचं. सप्टेंबरात केरेनचं पाकीट आलं. तिच्या गावातल्या एका पक्षाच्या प्रचार समितीला जाहीर सभेत अरीबद्दल बोलायचं होतं, आणि अरीच्या फोटोसकट भाषणाचा कागद आत घातला होता. केरेनने त्यांना सांगितलं होतं, त्याला वाढवलं माझ्या वडिलांनी, ते हो म्हणाले तर माझं हो.

हसकेलने मला बोलावून घेतलं. माझं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून तो पेन्सिल हातात धरून एकेक वाक्य मराठीत सांगत गेला. अरीच्या नावापुढे वक्त्याच्या सोयीसाठी उच्चार लिहिला होता, ना-गॉन-कर. तिथे पहिली खूण पडली.

"'उशाशी झेंडा घेऊन झोपणारा मुलगा.' ईवा, त्याच्या उशाशी काय असायचं गं?"

"बिस्किटांचा चुरा," ईवाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

दुसरी खूण. "'शत्रूशी झुंजताना.'" तिसरी. पुढच्या वाक्यावर मात्र तो अडला. "रघू, 'ही गेव्ह हिज लाइफ फॉर अवर कंट्री.' यातलं 'अवर' कसं सांगू तुला? आमच्या की आपल्या?"

"त्याने काय फरक पडतो?"

"आक्षीच्या शाळेत शिकलास ना? 'आमच्या देशासाठी' म्हटलं तर देश त्यांचा, मी बाहेर आणि अरीही बाहेर. परक्या पोराने जीव दिला आणि ते आभार मानतायत. 'आपल्या' म्हटलं तर अरी त्यात, मीही त्यात. मग जिवंत होता तोवर तो परका कसा होता?"

"आणि इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द?"

"एकच. म्हणून तर भाषणं झकास होतात."

ईवाबाई हात पुसत बाहेर आल्या. "बसा व्याकरण घेऊन दोघं म्हातारे. ती पोरगी तिकडे फोनजवळ बसलीय."

आठवड्याने दुसरं पाकीट आलं. हे विरुद्ध पक्षाचं. फोटो तोच. यांच्या भाषणात अरी होता 'फसवून नेलेला, हकनाक बळी गेलेला आपला मुलगा'. आपला की आमचा ते पुन्हा तुम्हीच ठरवा, कागदावर 'अवर सन' होतं.

"देशानंतर आता मुलगाही 'अवर' झाला," हसकेल म्हणाला. त्याने 'फसवून नेलेला' या शब्दांखाली रेघ ओढली. "त्याला कोणी फसवलं नाही. पानन् पान वाचून सही केली होती त्याने. फोनवर मला वाचूनही दाखवलं होतं. वाचल्याशिवाय सही करू नये हे मीच शिकवलं ना त्याला." त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली ती घरंगळत खाली गेली. आम्ही कोणी उचलली नाही.

"दोघांनाही नाही म्हणून टाक," मी म्हटलं. "मिटलं."

मला खरंच वाटलं होतं की मिटलं.

रविवारी दुपारी केरेनचा फोन आला. ईवाबाईंना ऐकू यावं म्हणून हसकेलने स्पीकर लावला. मी उठायला लागलो तर त्याने हातानेच बस म्हटलं.

"डॅडी, तुम्ही नाही म्हणणार. मला माहितीये."

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही."

"दहा महिने झाले, तुम्ही रोज सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दीश म्हणताय. त्याच्यात त्याचा नाव पण येत नाही."

ते खरं होतं. कद्दीश ही मेलेल्यासाठी अकरा महिने म्हणायची प्रार्थना, पण तिच्यात ना मेलेल्याचं नाव, ना मरणाचा शब्द. नुसती देवाची थोरवी. आजोबाने ती म्हणायलाच हवी असं नाही, हसकेल आपणहून जायचा.

"इथे त्याचा नाव कोणी घेत नाही, डॅडी," केरेन म्हणाली. "समोरची बाई मला बघून रस्ता क्रॉस करते. ऑफिसमध्ये मी गेली की सगळे गप्प. घरात पण. हे लोक निदान माइकवर त्याचा नाव घेतील. हजार लोक ऐकतील. थोडं खोटं असेल, असू दे. मला चालेल."

हसकेलने फोन ईवाबाईंकडे सरकवला. त्या पुढे झाल्या. "जेवलीस का गं?" एवढंच विचारलं त्यांनी. पलीकडून बराच वेळ रडणं ऐकू येत होतं, आणि फोन कोणीच ठेवला नाही.

फोन संपल्यावर हसकेल म्हणाला, "तिला नाव हवंय, त्यांना भाषण हवंय. दोन वेगळ्या वस्तू एकाच पेटीत कोंबल्यात, रघू. नाही म्हटलं की दोन्ही परत जातात."

तेव्हा मला कळलं की माझं 'मिटलं' किती उथळ होतं. नाही म्हणायचं ते समित्यांना, पण ऐकू जाणार होतं ते केरेनला.

मंगळवारी सकाळी त्याने पुन्हा बोलावलं. लिहायचं काम माझं. तो खिडकीपासून टेबलापर्यंत फेऱ्या मारत सांगत होता. मराठीतच सांगितलं, इंग्रजी केरेन करील म्हणाला, आणि तिला फोनवर बजावलं, "फक्त 'अवर' कुठे येऊ देऊ नकोस." ईवाबाईंनी दोनदा मध्ये तोंड घातलं. एकदा म्हणाल्या, "विमानं लिहा." आणि पुढे हसकेल, अरी किती गुणी होता, ते सांगायला लागला तेव्हा म्हणाल्या, "ते काढा. ते आपल्यापाशी राहू दे." मी खोडलं.

त्या सभांचं पुढे काय झालं ते आधीच सांगतो. दोन्ही अरीशिवाय पार पडल्या. एका समितीने आभाराचं पत्र धाडलं, दुसरीने तेही नाही. नोव्हेंबरात वर्ष पुरं झालं त्या दिवशी केरेनने तो कागद तिच्या सिनेगॉगमध्ये उभं राहून स्वतः वाचला. समोरची बाई तिथे आली होती, हे तिने फोनवर दोनदा सांगितलं.

हसकेल आता पंचाहत्तरीला आलाय. परवा मी त्याला विचारलं, हे सगळं लिहू का? म्हणाला, "लिही. पण तुझ्या सवयीप्रमाणे वाढवू नकोस." तेव्हा त्याने दिलेलं उत्तर, माझ्याच अक्षरातल्या कच्च्या कागदावरून, जसंच्या तसं:

"केरेन, दोन्ही समित्यांना हे एकच उत्तर दे. मुलाचं नाव अरी नागावकर. उच्चार तू स्वतः शिकव, घाई करू नये. तो दोन वर्षांचा असल्यापासून हाउन्सलोत माझ्याकडे वाढला, दहाव्या वर्षी न्यू जर्सीला गेला. त्याला विमानं आवडायची. गाजर आवडायचं नाही. एकदा दिव्याचं बटण दुरुस्त करताना त्याने घरातली सगळी वीज घालवली होती. विजेचं काम शिकायला मिळेल म्हणून तो सैन्यात गेला. कागद वाचून सही केली. तो पाण्याचा ट्रक चालवत होता. रस्ता खचला आणि ट्रक कालव्यात उलटला. त्या दिवशी तिथे लढाई नव्हती. तो वीस वर्षांचा होता. देशाबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, म्हणजे तुम्हालाही नाही. एवढंच वाचणार असाल तर त्याचं नाव घ्यायला माझी परवानगी आहे. पुढे-मागे काही जोडू नये. आणि वाचून झालं की टाळ्या वाजवू नयेत."