थकीत डबा

तुमच्या स्वयंपाकघरात या घडीला दुसऱ्यांची किती भांडी आहेत? खरं सांगा! कोरलेलं नाव भिंतीकडे करून ठेवलं म्हणून पातेलं आपलं होत नाही.

हाच प्रश्न मी आष्ट्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला विचारला होता. त्यापायी माझा जर्मनीचा अर्ज पूर्ण झाला आणि माझ्या आईची एकुलती एक मैत्रीण तुटायची वेळ आली.

मला बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये मास्टर्स करायचं होतं. म्हणजे धंद्यात माहिती कुठून येते, कुठे अडते, ती संगणकाने सुरळीत कशी करायची, याचं शिक्षण. अर्जासोबत विद्यापीठाने एक काम मागितलं होतं : आसपासची एखादी माहितीची अडचण शोधा, ती सोडवणारी छोटी यंत्रणा बनवा आणि लोकांनी ती खरोखर वापरल्याचं दाखवा.

इथे माझं घराणं समजून घ्या. आमचे आण्णा पत्रकं काढतात. गटारासाठी, एसटीच्या थांब्यासाठी, कशासाठीही! मी पाढे लिहिले ते पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' या दोन शब्दांपासून. माझं नाव क्रांती. (भाऊ झाला असता तर त्याचं नाव 'निवेदन' ठेवलं असतं, असं आई म्हणते.) आण्णांचं सगळ्यांत गाजलेलं पत्रक म्हणजे, 'पतसंस्थेच्या बड्या थकबाकीदारांची नावे फळ्यावर लावा!' ते वाक्य आठवलं की माझं रक्त अजूनही उसळतं.

आणि आमच्या घरात थकबाकी होती. भांड्यांची! खीर शेजारी गेली की पातेलं गेलं, लोणचं गेलं की बरणी गेली. आई रोज सकाळी फळीपुढे उभी राहून विचारायची, "माजी ती बारकी कढई कुणाकडं हाय गं?" अडचण सापडली! मी आईला मेथी निवडायला बसवलं आणि कुठलं भांडं कुणाकडे, कधीपासून, हे गप्पांत काढून घेतलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. (पारदर्शकतेचा लढा मी लपवाछपवीने सुरू केला.) मग यंत्रणा बनवली. प्रत्येक भांड्याला नंबर, प्रत्येक घराचं खातं, आणि रोज सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपोआप जाणारा संदेश, म्हणजे यादीचं चित्र, थकलेली नावं लाल रंगात. मथळा अर्थातच, 'थकबाकीदारांची नावे'.

पहिला संदेश गेला तेव्हा आई दारात रांगोळी काढत होती.

"क्रांते, ह्ये काय केलंस?" आईने फोन माझ्यापुढे धरला. "सुभेदारांचं नाव लाल रंगात?"

"लालच पाहिजे, आई! माहितीवर सगळ्यांचा हक्क आहे!"

"आवं, ऐकलंत का?" आई आण्णांकडे वळली.

आण्णांनी चष्मा वर केला, संदेश दोनदा वाचला आणि गहिवरून म्हणाले, "मथळा चांगला जमलाय."

तासाभरात पहिले थकबाकीदार हजर झाले, कोपऱ्यावरचे निवृत्त सुभेदार. पातेलं दोन्ही हातांत, मान ताठ. "क्रांती मॅडम! एक पातेलं, जमा!" झाकण काढलं तर आत बासुंदी. कारण आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत! हे मला जन्मापासून माहीत होतं, पण यंत्रणेत भरायचं राहून गेलं होतं. त्यामागून कढई आली ती शिऱ्यासकट, बरणी आली ती शेंगदाण्याच्या चटणीसकट, दोन तांबे ताकासकट. दुपारपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही, म्हणून मी उरलेलं माझ्या टेबलावर मांडलं. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला खरवस, उजव्या बाजूला कढी! मधुमेहाची गोळी घेणारे आण्णा 'वाया जायला नको' या एकाच तत्त्वावर बासुंदीची दुसरी वाटी संपवत होते.

तेवढ्यात सुभेदार परत आले, आता चार-पाच जणांना घेऊन. "आमचं झालं. आता तुमचं किट चेकिंग!"

नाही कसं म्हणणार? हक्क सगळ्यांना! आमची फळी बाहेर निघाली. सुभेदारांचीच परात आमच्याकडे. गणपती मंडळाची पळी आमच्याकडे. आणि आण्णा वर्षानुवर्षं ज्यातून चहा पितात त्या पेल्यावर लोणंदच्या कुठल्याशा हॉटेलचं नाव!

"आण्णा, ह्यो कसा आला?" सुभेदारांनी पेला उंच धरला.

"पत्रकं वाटायला गेलो होतो," आण्णा म्हणाले, "गडबडीत हातातच राहिला."

गल्ली इतकी हसली की एकीला जमिनीवर बसावं लागलं. मी मात्र खूश होते. यंत्रणा लोकांनी वापरली, फोटो निघाले, पुरावा तयार! यादीत लाल रंगात एकच नाव उरलं होतं : कुसुमकाकी, मध्यम डबा, चौदा महिने.

कुसुमकाकी म्हणजे आईची ती मैत्रीण, आमच्या भिंतीला भिंत. जैन घर, कांदा-लसूण नाही, दिवस मावळल्यावर जेवण नाही. म्हणून आईने एक डबा फक्त त्यांच्यासाठी ठेवलेला, त्याला कांद्याचा हात लागू द्यायची नाही. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान, आमचे काका, वारले. तेव्हा तो डबा तिकडे गेला आणि तिकडेच राहिला.

चारच्या सुमाराला काकी आल्या. काका गेल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या, त्या दिवशी पडल्या. डबा असा घासलेला की त्यात तोंड दिसावं. ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "बगून घे गं पोरी, कुटं चेपलाय का ते. आन् माजं नाव काड तेवढं." आल्या तशा गेल्या.

मी झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

आई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती डब्याकडे बघत म्हणाली, "रिकामा दिला गं तिनं."

"पण आई, चौदा महिने..."

"अगं, मीच ठिवलाय तो तितं! मी जाऊन म्हणायची, 'काकी, डबा?' ती म्हणायची, 'उद्या दिते.' मग मी बसायची घटकाभर. दुसऱ्या दिवशी परत. दोघींनाबी ठावं होतं. दुसरं काय निमित्त काडून रोज जाणार हुते मी?"

आण्णांनी वाटी खाली ठेवली. पत्रक काढावं असं त्यांना काही सुचलं नाही, हे मी प्रथमच पाहिलं.

आता माझी तत्त्वं ऐका. चूक मी केली, तर निस्तरायचीही मीच! आईची मदत नको! मी ओटा पुसला, कांदा घरातून बाहेर काढला, लसणाची टोपली आण्णांच्या खोलीत नेऊन ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीने भाजी केली. डबा भरला, भिंतीपलीकडे गेले आणि काकींपुढे धरला.

"काकी, चुकलं माझं. कांदा नाही, लसूण नाही. शपथ!"

काकींनी झाकण काढलं. आत वाकून पाहिलं.

"बटाटा हाय व्हय गं ह्यो?"

"हो."

"चातुर्मासात कंदमूळ आनलंस?"

मी झाकण परत लावायला गेले.

"आन् भाईर बगितलंस का? दिवस मावळला."

मी दाराबाहेर पाहिलं. मावळला होता! अगदी सावकाश, सगळ्या गल्लीला दिसेल असा मावळला होता. जिच्याकडे प्रत्येक कढईची तारीख होती, तिला सूर्याची वेळ माहीत नव्हती.

काकींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होत्या! तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, "काय झालं वं काकी?"

"तुमची क्रांती लय शानी हाय!" काकी ओरडल्या. "जर्मनीला धाडा हिला लौकर!" मग भाजी माझ्या घरच्यांसाठी ताटलीत काढून दिली आणि डबा स्वतःच्या फळीवर ठेवला. "डबा उद्या दिते म्हनाव आईला."

यंत्रणेत मी एक रकाना वाढवला, 'परत मागू नये'. काकींचं नाव लालमधून काढलं. अर्जात सगळं लिहिलं, बटाट्यासकट. प्रवेश मिळाला, आणि निघताना काकींनी त्यांचं नाव कोरलेला एक डबा चटणीने भरून माझ्या बॅगेत कोंबला. "परत करायला ये." तो डबा आज इथे जर्मनीत माझ्या खिडकीत आहे, आणि तिकडे यादीत रोज सकाळी एक नाव लाल होतं : क्रांती, लहान डबा, थकीत.

म्हणून एक मागणी. (आण्णांच्या लेकीचं लिखाण मागणीशिवाय संपत नाही.) आज आपली फळी पाहा. ज्या घरी बऱ्याच दिवसांत गेला नाहीत, तिथे एक डबा भरून घेऊन जा आणि तो तिथेच विसरून या.

बटाटा तेवढा नको.