बाहेरचे भटजी

जुन्या पत्रांचा डबा आवरायला घेतला की आवरणं राहतं बाजूला आणि मी हसत बसते. किस्से निर्माल्यासारखेच, साठतात पण टाकवत नाहीत!

ऐंशीच्या दशकात आम्हा तिघींचे नवरे आफ्रिकेतल्या एकाच तेलाच्या देशात होते. आमचे 'हे' आणि बदलापूरच्या इंदूचा नवरा तेल कंपनीत फिटर. उल्हासनगरच्या सिंधी कमलाभाभीच्या मिस्टरांचं तिथे कापडाचं दुकान. गोरे गेले, तेल निघालं आणि तिथे खुर्चीसाठी बंडं सुरू झाली. बाहेरून भाडोत्री सैनिक आणायचे आणि बंड फसायचं!

दर सोमवारी आम्ही तिघी अंबरनाथच्या शिवमंदिरात भेटून पत्रं वाचायचो. शेवटी शेवटी तर हे सुखरूप परत यावेत म्हणून मी सोळा सोमवारही धरले.

*

एकदा रेडिओवर ऐकलं, 'भाडोत्री सैनिकांना तीन दिवसांत हुसकावलं.'

इंदू हरखलीच. "तीन दिवसांत? आमचा भाडोत्री अकरा महिन्यांसाठी आला, नऊ वर्षं हलत नाही! त्या हुसकावणाऱ्यांना बदलापूरला पाठवा म्हणावं!"

*

भाभीच्या मिस्टरांनी दुकानात राष्ट्राध्यक्षांचा फोटो लावलेला. बंड झालं की जनरलचा लावायचा, फसलं की पुन्हा पहिला. शेवटी एकाच फ्रेमला दोन्ही बाजूंनी फोटो! नुसतं पलटायचं.

पुढे तिसऱ्याच कुणीतरी बंड केलं.

"अब झूलेलाल लगा दिया है दीदी," भाभी म्हणाली. "वो कुर्सी नहीं मांगता!"

*

एका बंडात भाडोत्री लोक विमानतळावर उतरले, ट्रकमध्ये बसले, आणि ट्रक सुरूच होईना. ट्रकमधलं डिझेल एका मंत्र्यानं आधीच विकलेलं! तेलाच्या देशात!

बंदुका घेऊन ते ह्यांच्या डेपोत आले. "डिझेल द्या."

हे घाबरले, पण सवय ती सवय. म्हणाले, "साहेबांची चिठ्ठी आणलीय?"

ते चिठ्ठी आणायला गेले, तोवर बंड संपलं.

*

मग तिथले सरकारी लोक पत्रं उघडून वाचायला लागले. इंदू म्हणाली, "वाचेनात का! मराठी कुणाला कळतंय?"

पण तपासायला त्यांनी आपल्या कल्याणचाच माणूस बसवला होता!

म्हणून सुट्टीवर आले तेव्हा ह्यांनी मला खुणेचे शब्द पाठ करायला लावले. बंड म्हणजे सत्यनारायण. राष्ट्राध्यक्ष म्हणजे यजमान. भाडोत्री सैनिक म्हणजे बाहेरचे भटजी.

पुढे सहा महिन्यांनी पत्र आलं, 'काल इथे सत्यनारायण झाला. बाहेरचे भटजी आले होते. पूजा अर्ध्यातच मोडली.'

अर्धी पूजा म्हणजे केवढा अपशकुन! खुणेचे शब्द कुठले आठवायला! लगोलग लिहिलं, 'अपुरी पूजा सोडू नये, यजमानांना बाधते. तेच भटजी पुन्हा बोलवा. काही लागलं तर तुम्ही पुरवा!'

पत्र पेटीत टाकून घरी आले आणि मग आठवलं. त्या सोमवारी पिंडीसमोरून उठलेच नाही. इंदू हाताला धरून म्हणाली, "अगं, तपासणारा कल्याणचाच आहे. त्याच्याही घरी बायको असेल."

*

सोळावा सोमवार झाला आणि त्याच आठवड्यात हे दारात उभे! वाळलेले, पण धडधाकट. म्हणाले, "तुझं पत्र त्या कल्याणवाल्यानं स्वतः आणून दिलं. म्हणाला, वहिनींना नमस्कार सांगा, आणि आजच्या आज निघा."

मला रडू आवरेना. डोळे पुसले, ह्यांना चहा दिला आणि मग स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "आता उद्या सत्यनारायण घालू. आपले गुरुजी गावाला गेलेत, बाहेरचे भटजी बोलावते."

बाहेर कपबशीचा आवाज झाला. डोकावून पाहिलं, तर हे उठून दाराला कडी लावत होते.