नागझरीपलीकडची भट्टी

पुण्यात नागझरी ओढ्याच्या पलीकडे आमची भट्टी होती. आम्ही कलाल. मोहाची दारू सगळेच गाळत, पण आमच्या आजोबांनी विहिरीजवळ काळ्या द्राक्षांचे वेल लावले होते आणि त्यांची दारू फौजेतले फिरंगी गोलंदाज घेऊन जात. भट्टी वडील आणि काका, दोघांची. तिथे तिसऱ्याचा शब्द चालत नसे.

मी दहा-अकरा वर्षांची असताना सरकारने आसपासच्या सगळ्या भट्ट्यांचा मक्ता एकाच माणसाला दिला. तो भर दुपारी आला आणि बाजेवर बसून म्हणाला, "काम तुम्हीच करा, मजुरी मिळेल. भट्टी मात्र आजपासून माझी."

वडील म्हणाले, "मग जाळापुढे बसायलाही आपणच या. धुराची सवय होईल."

तो गेल्यावर काका म्हणाला, "दादा, सरकारशी आपण काय भांडणार? घरात सात तोंडं आहेत."

"तू जा. मी धरून ठेवलेलं नाही."

काका मक्तेदाराकडे मजुरीला गेला. गाळपाचं तांब्याचं भांडंही मक्तेदाराची माणसं घेऊन गेली. द्राक्षाच्या रसाला ते लागत नसे, म्हणून वडिलांनी गोठ्यामागे दोन रांजण पुरून त्यांत रस आंबायला ठेवला. पंधरा दिवसांत कोतवालीचे शिपाई आले. त्यांच्यापुढे काका चालत होता. त्याने बोटाने जागा दाखवली; वडिलांकडे पाहिलं नाही. रांजण फुटले, लाल रस शेणात मिसळला. आईने तोंडाला पदर लावला. वडिलांना दोन दिवस चावडीवर बसवून ठेवलं.

परत आल्यावर त्यांनी वेल स्वतःच्या हाताने मुळापासून तोडले आणि श्रीमंतांच्या वाड्यासमोरच्या मंडईत हमाली धरली. डोक्यावर पाटीभर ओझं वाहायची सवय नव्हती. मान आखडायची, आई शेकून द्यायची.

वर्षभराने मक्तेदाराने आपली माणसं आणली आणि काकाला काढलं. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला, आत येईना. आई वडिलांकडे बघत राहिली.

"उभा का?" वडील म्हणाले. "स्वतःची पाटी आणलीस का?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं बरोबर मंडईत जाऊ लागले. एकमेकांच्या डोक्यावर पाटी चढवून देत, पण बोलत नसत. असं सहा वर्षं चाललं.

वडील गेले तेव्हा काका दोन दिवस जेवला नाही. "मी जागा दाखवायला नको होती, वहिनी," एवढंच तो म्हणाला. आईने ताट वाढून त्याच्यापुढे सरकवलं आणि ती आत निघून गेली.